रोजच्या गाडीला एएन फिटिंगची पेट्रोल लाईन: माझं मत 'नको'

घाटवळण
गाडी होंडा सिटी व्हीटेक, २००२ची. टर्बो नाही, फक्त इनटेक (हवा आत घेणारा भाग) आणि हेडर (धूर बाहेर नेणारे पाईप) बदललेत. ट्यूनर म्हणतोय ताशी २५५ लिटरचा पंप टाका, टाकीपासून रेलपर्यंत (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) स्टीलच्या जाळीचा होज आणि सहा नंबरची एएन फिटिंग, म्हणजे रेसिंगमध्ये वापरतात ते आट्यांचे सांधे, घाला. अशा गाडीत हे करूच नये असं माझं ठाम मत आहे. हल्ली कुठलंही बॉनेट उघडलं की लाल-निळी फिटिंग दिसतात, म्हणून हा धागा.

हिशेब बघा. टर्बो नसलेलं इंजिन पूर्ण जोरात असताना एका अश्वशक्तीमागे ताशी साधारण २३० ग्रॅम पेट्रोल पितं. १०६ अश्वशक्तीला झाले २४ किलो, म्हणजे ३३ लिटर. ई२०साठी (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) सहा-सात टक्के वाढवून ३५ धरा. उरलेले दोनशेहून जास्त लिटर रेलवरून फिरून, तापून टाकीत परत येणार. पेट्रोलचा दाब राखणारा मूळ रेग्युलेटर आणि बारीक रिटर्न पाईपला तो ओघ झेपला नाही, तर आयडलला प्रेशर चढतं आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त पडतं. शिवाय जितके सांधे वाढवाल तितक्या गळतीच्या जागा वाढल्या.

बूस्ट_करवीर
पंपाचं पटलं. लाईनचं नाही. तुमच्या टाकीजवळचे रबरी तुकडे कंपनीचेच असतील तर ते वीस वर्षांहून जुने आहेत. ते बनवताना पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येईल असं कुणी धरलं नव्हतं. फेब्रुवारी २०२३पासून ई२० यायला लागलं आणि आता पंपावर दुसरं काही सहज मिळतही नाही. रबर कडक होतं, क्लॅम्पच्या कडेला चिरतं. तो होज बदलायचाच आहे ना? मग पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) घाला, इथेनॉल त्याला काही करत नाही आणि पेट्रोलचा वासही झिरपत नाही. गाडीशेजारी उभं राहून पेट्रोलचा वास येणं मला तरी मान्य नाही.

घाटवळण
करवीर, होज बदला हे शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी एएन कशाला? इंजेक्शनच्या गाडीला एसएई ३०आर९ प्रतीचा (इंजेक्शनच्या दाबासाठीचा) होज आणि कडा न कापणारे क्लॅम्प पुरतात. टाकीच्या आत बुडणारा तुकडा मात्र ३०आर१०चाच हवा, कारण ३०आर९ची बाहेरची साल पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी नसते. दुकानात बहुतेक वेळा कार्ब्युरेटरसाठीचा ३०आर७ पुढे करतात, तो घेऊ नका.

सर्व्हिसपार्क
रॅलीच्या गाड्यांवर काम करतो, म्हणून एएनच्या बाजूने बोलतो. एफआयएच्या (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) नियमात लवचीक पेट्रोल लाईन किमान ७० बारला न फुटणारी आणि १३५ अंश तापमान सोसणारी लागते, आणि पुढच्या-मागच्या बल्कहेडशिवाय (केबिन वेगळी करणारा पत्रा) केबिनच्या आत सांधा चालत नाही. त्यामुळे एएन म्हणजे शोभेची वस्तू, हे मला मान्य नाही. दगड उडतात, तळ आपटतो, तिथे हीच लाईन टिकते.

खरी अडचण बसवण्यात आहे. एएनचा फ्लेअर, म्हणजे सांध्यात बसणारं पाईपचं पसरट तोंड, ३७ अंशांचा, आपल्याकडच्या ब्रेक पाईपच्या फ्लेअरिंग टूलचा ४५चा. ते दोन एकमेकांवर आवळले की बाहेरून घट्ट दिसतं आणि आत एका बारीक रेषेवर टेकलेलं असतं. गाडी थरथरली की पाझर सुरू. दुसरं, सहा नंबरचे आटे ९/१६-१८चे (इंची मापाचे), आणि एम१४ बाय १.५चा (मिलिमीटर मापाचा) नट त्यावर सुरुवातीला चढतो, मग अडकतो. तिथे पाना लावून जोर करणारे मी पाहिलेत. तिसरं, स्टीलची जाळी करवतीसारखी असते. वायरिंगला किंवा ब्रेक पाईपला घासत ठेवली तर तीच त्यांना कापते. लाईन जागेवर धरणाऱ्या पी-क्लिप लावायचा कंटाळा करू नका. आणि पीटीएफई घ्याल तर आतून काळं, कार्बनचं अस्तर असलेलंच घ्या. साध्या पांढऱ्या पीटीएफईत पेट्रोलच्या ओघाने स्थिर वीज साठते, ठिणगीने नळीला सुईएवढी भोकं पडतात.

टीएसआयवाला_नाशिक
माझ्या पोलो १.२ टीएसआयला रीमॅपनंतर (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलल्यावर) हीच लाईन सुचवली आहे. घेऊ का?

बूस्ट_करवीर
नाशिककर, तुमचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं. पुढचा यांत्रिक पंप शंभर बारच्या वर दाब देतो, आणि बऱ्याचदा कमतरता तिथेच पडते. खालची लाईन जाड करून काही हाती लागणार नाही. इंजिनच्या कॉम्प्युटरच्या लॉगमध्ये (नोंदीत) रेल प्रेशर मागणीपेक्षा खाली जातंय का, ते आधी बघा.

माझ्या टर्बो गाडीचंही सांगतो. २०० अश्वशक्तीला ताशी साधारण ७५ लिटर लागतं, त्यात बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) वाढला की पंपाला तेवढाच जास्त दाब द्यावा लागतो. तिथे मोठा पंप हवाच, म्हणून मी तो आणि एएन लाईन दोन्ही घातली. पण तुमच्याकडे प्रेशर पडत असेल तर आधी पंपाशी व्होल्टेज मोजा. जुन्या बारीक वायरीमुळे तिथे अकरा-साडेअकराच पोचतात. जाड वायर आणि वेगळा रिले, एवढ्यावरही काम भागू शकतं.

घाटवळण
दोघांचे मुद्दे ऐकूनही माझं मत बदललेलं नाही. रॅलीची गाडी प्रत्येक स्टेजनंतर कुणीतरी खालून तपासतं. माझी गाडी सर्व्हिसिंगशिवाय लिफ्टवर जात नाही. दुसरं, गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चं काय? उद्या आग लागली आणि विम्याच्या सर्व्हेअरने बदललेली लाईन पाहिली, तर उत्तर मालकालाच द्यावं लागणार.

सर्व्हिसपार्क
विम्याची भीती रास्त आहे, बिलं आणि फोटो जपून ठेवा. पण चिरलेलं मूळ रबर तसंच ठेवणं त्याहून धोक्याचं, हे मी पुन्हा सांगेन. कुठलीही लाईन घाला, काम सुरू करण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाईनमधलं प्रेशर उतरतं. नवी बसली की इंजिन न चालवता दोन-तीनदा नुसती चावी ऑन करा आणि प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू फिरवा. गाडी पूर्ण तापवून बंद केल्यावर पुन्हा तेच करा. इंजिन गार असताना कोरडा असलेला सांधा तापल्यावर पाझरू शकतो. अग्निशामक हाताशी ठेवा.