फर्स्ट इयरच्या पोराला १.४५ व्होल्ट सांगणाऱ्यांसाठी

सुदामानगरवाला
काल एका मुलानं विचारलं, एएमडीचा रायझन ३ ३२००जी प्रोसेसर आहे, गेम अडकतात, ओव्हरक्लॉक कसं करू, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं कसा चालवू. त्याला मिळालेलं उत्तर असं: "कोणताही मदरबोर्ड चालतो, व्होल्टेज १.४५ फिक्स कर, ४.२ गिगाहर्ट्झ लाव, प्रोसेसरच्या डब्यातला पंखा पुरतो, फुकटात नवा प्रोसेसर." आणि वर लाइकांचा ढीग. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

कोणताही बोर्ड चालत नाही. ए३२० चिपसेटच्या बोर्डावर एएमडीनं ओव्हरक्लॉकिंग दिलेलंच नाही, बी३५०, बी४५० असा काहीतरी लागतो. आता उष्णतेचं बघा. ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते, शिवाय वेगाच्या प्रमाणातही. १.२५ चे १.४५ केले आणि ३.८ चे ४.२, तर वेग साडेदहा टक्के वाढला आणि उष्णता जवळपास दीडपट झाली. डब्यातला तो छोटा पंखा ६५ वॉटसाठी आहे. त्यात आपलं इंदूर, मेमध्ये बाहेर ४२, वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळीही तापलेली असते. खोली जितकी डिग्री वर तितकाच प्रोसेसर वर, आणि याची हद्द ९५ आहे. डिसेंबरमध्ये ७८ वर मस्त चाललेलं सेटिंग मेमध्ये कुठे जाईल ते स्वतःच मोजा. पोराच्या बापानं पैसे जमवून मशीन घेऊन दिलंय हो.

जुना सेलेरॉन
एवढं घाबरवायचं काही कारण नाही. १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर, बस (बोर्डाचा मूळ वेग) ६६ मेगाहर्ट्झची १०० केली की ३०० चा सरळ ४५० व्हायचा. माझा वर्षानुवर्षं चालला, त्यावरच आमच्या घरातलं सगळं अकाउंटिंग झालं. कंपन्या चांगला माल कमी नंबर लावून विकतात, हे तेव्हाही होतं आणि आजही आहे. आणि ९५ ला पोचला तर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही. आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, हात घातला आणि शिकलो. आताच्या मुलांना कॅबिनेट उघडायचीसुद्धा भीती घालून ठेवलीय तुम्ही लोकांनी, प्रोसेसरवरची पेस्ट बदलायलाही दुकानात नेतात.

सुदामानगरवाला
काका, तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. तुम्हाला ५० टक्के मिळाले, तेही बहुतेकांना व्होल्टेज न वाढवता. आता ती शिल्लक बूस्टच, म्हणजे आपोआप वाढणारा वेगच, खाऊन टाकतो, ३२००जी एका कोरवर स्वतःहून ४.० ला जातो. मग उरतं काय? आणि वेग कमी करून तो उष्णतेपासून वाचतो, जास्त व्होल्टेजपासून नाही. ती झीज सावकाश होते, सहा-आठ महिन्यांनी आधी चालणारं सेटिंग चालेनासं होतं आणि तोवर सल्ला देणारा गायब असतो. वॉरंटीही गेलेली, कारण ओव्हरक्लॉकनं झालेलं नुकसान एएमडी भरून देत नाही.

रामबागची
तुम्ही दोघं प्रोसेसरवर भांडताय पण मुलगा गेमचं विचारतोय! ३२००जीचे ग्राफिक्स आतलेच, वेगा ८, ते रॅममधूनच काम करतात. मी पैज लावते, त्याच्याकडे रॅमची एकच स्टिक असणार आणि ती २४०० वर चालत असणार. एक स्टिक २४०० वर म्हणजे सेकंदाला १९ जीबी, दोन स्टिक २९३३ वर म्हणजे जवळपास ४७. भावाचं मशीन असंच सुधारलं, व्होल्टेजला कोणी हात लावला नाही. आणि एकच स्टिक का असते? कारण शहरातले दुकानवाले तशीच देतात. विचारलं तर म्हणाले, काही फरक पडत नाही ताई.

काउंटरच्या पलीकडून
झालं, फिरून सगळं दुकानदारावर. मी आरएनटी मार्गावर बसतो, रोज ऐकतो हे. गिऱ्हाईक येतं ते मोबाइलवर ऑनलाइनचा भाव उघडूनच, दोनशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतं, आणि त्याला पाहिजे काय तर पुढून काच आणि रंगीत दिवे. स्वस्त बोर्डावर स्लॉट दोनच असतात. दोन चार-चार जीबीच्या लावल्या तर उद्या वाढवताना दोन्ही काढाव्या लागतात, म्हणून एक आठची देतो. याला फसवणं म्हणत असाल तर पुढच्या वेळी बिघडलं की ऑनलाइनवाल्याकडेच न्या.

रामबागची
स्लॉटचं कारण वेगळं ग्राफिक कार्ड घेणाऱ्याला ठीक आहे. आतल्या ग्राफिक्सवाल्याला "फरक पडत नाही" सांगणं खोटं आहे, आणि ते मला काउंटरवर तोंडावर सांगितलंय. कॅबिनेटच्या दिव्यांबद्दल तुम्ही पंधरा मिनिटं बोलता, रॅमबद्दल एक वाक्य बोलत नाही.

काउंटरच्या पलीकडून
मी नाही बोललो ते. सगळ्यांना एका मापात तोलू नका.

जुना सेलेरॉन
दिव्यांचं सोडा, एसएमपीएसचं बोला, मशीनला वीज देणाऱ्या डब्याचं! स्टिकरवर ४५० वॉट आणि उचलला तर हलका फूल. माझ्या पुतण्याच्या मशीनमध्ये असाच निघाला, लोड आला की रीस्टार्ट. पोरगा महिनाभर विंडोजच टाकत बसला.

काउंटरच्या पलीकडून
हे मात्र खरं आहे. त्या बिननावाच्यांची मागणी बंद झाली की मी ठेवणं बंद करतो. गिऱ्हाईकच म्हणतं, भिया, सगळ्यात सस्ता लावून दे.

बडोदेकर
इथे बडोद्यातही हीच कथा. पण ताई, रॅमचं प्रोफाइल (जास्त वेगाचं तयार सेटिंग) लावणं म्हणजेही ओव्हरक्लॉकिंगच, ते निरुपद्रवी नाही. माझी रॅम जास्त वेगावर नीट स्थिर नव्हती, गेम चालायचे म्हणून कळलं नाही, आणि प्रोजेक्टच्या झिप फाइली एकेक करून खराब निघाल्या. बॅकअपमध्येसुद्धा खराबच गेल्या होत्या. प्रोसेसर अस्थिर झाला तर मशीन बंद तरी पडतं, रॅम गुपचूप मारते.

रामबागची
२९३३ हा ३२००जीचा अधिकृत वेग आहे, म्हणून तोच आकडा लिहिला. पण रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, चालवायला सांगायला हवं, हे मान्य.

ज्याचा प्रश्न होता तो
बोर्ड बी४५० आहे, रॅम एकच ८ जीबी, कॅबिनेट पुढून काचेचं. १.४५ अजून लावलं नाही.

सुदामानगरवाला
लावू नकोस. दुसरी तशीच ८ ची स्टिक घे, बोर्डाच्या पुस्तकात सांगितलेल्या स्लॉटमध्ये बसव, बायोसमधून (बोर्डाच्या सेटिंगमधून) २९३३ कर, मेमटेस्ट रात्रभर. एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो टाक. काच काढून एकदा गेम चालव, एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये तापमान किती कमी दिसतं ते लिही.

जुना सेलेरॉन
रॅम आधी, हे ताईचं कबूल. बाकी मी माघार घेतलेली नाही. बाळा, त्यानंतर मल्टिप्लायर (मूळ वेगाला गुणणारा आकडा) थोडा थोडा वाढवून बघच. व्होल्टेज ऑटोवर सोडू नको, बोर्ड भलतंच वर नेतो, स्वतः १.३ लिही आणि तिथेच थांब. मशीन चालू नाही झालं तर रडू नको, प्लग काढून बोर्डावरचा सीमॉसचा सेल (बायोसची सेटिंग जपणारा) पाच मिनिटं बाहेर ठेव, सगळं पूर्ववत होतं.

सुदामानगरवाला
१.३ ला माझा विरोध नाही. पण मेमध्ये नको, काका. पाऊस पडू दे.