मदत हवी आहे: वडील आणि मी बोलत नाही, निरोप मुलगी पोचवते

वावरवाला:

यवतमाळ जिल्ह्यात आर्णीकडचं लहान गाव. मी पंचेचाळिशीचा, वडील सत्तरी पार. एकाच घरात राहतो, एकच वावर वाहतो, पण एकमेकांशी बोलत नाही. माय होती तोवर तिच्यामार्फत चालायचं. मागच्या पोळ्याच्या आधी ती गेली. तेरवी झाली आणि निरोपाचं काम कुणी न सांगता माझ्या मुलीकडं आलं. ती सातवीत आहे.

बुढा बाजेवरून ओरडतो, "तुया बापाले सांग, तुरीले पाणी दे म्हणा." मी गोठ्यातच असतो, मला ऐकू येतं. तरी ती येऊन सांगते आणि मीही तिच्याच हाती उत्तर देतो. परवा लक्षात आलं, ती शब्द बदलते. बुढ्यानं घातलेली शिवी तिनं गाळली. मी रागात जे बोललो त्याचं तिनं "बाबा पाहतो म्हणाले" केलं. हुबेहूब माय. तेव्हापासून झोप लागत नाही.

मागचं थोडक्यात सांगतो. बैल हाकायची तुतारी, म्हणजे टोकदार काठी, माझ्या पाठीवरही चालायची, पण त्या काळी घरोघरी मार होता, ते सोडा. बारावीनंतर पॉलिटेक्निकला नंबर लागला होता. फीचे पैसे घरात होते, त्यातून त्यानं बैलजोडी घेतली आणि मला वखरावर धाडलं. 2017 च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, त्या हंगामात मीही दवाखान्यात पडलो. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. बुढा आला, नर्सला विचारलं, "हा कामाले कधी लागन?" आणि निघून गेला. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी बोलणं टाकलं ते तेव्हा.

माणूस कामचोर नाही. दारू नाही, सावकार दारात येऊ दिला नाही, बोंडअळीनं कापूस खाल्ला तरी सोसायटीचं कर्ज फेडलं. गावात त्याला मान आहे, म्हणूनच माझं कुणी ऐकत नाही.

सातबारा सगळा त्याच्या नावावर. नऊ एकर आजोबांचं, चार त्यानं विकत घेतलेलं. पीककर्ज, विमा, सगळ्याला त्याची सही. फार्मर आयडी काढताना ओटीपी त्याच्या मोबाइलवर आला. मी सेतू केंद्रात, तो बाजेवर, आणि मधे पोरगी फोनवर आकडे वाचून दाखवते आहे. सेतूवाल्याला हसू आवरेना.

बायको म्हणते वेगळं राहू. बहीण दारव्ह्याला दिली आहे, ती म्हणते सोस. मला समेट नको, ते वय दोघांचंही गेलं. मुलीला यातून काढायचं आहे आणि हंगाम बुडू द्यायचा नाही. कुणी असं काही निभावलं आहे का? आणि काही एकर माझ्या नावावर होऊ शकतात का?

साधा माणूस:

बाप आहे शेवटी. पाय धरा, विषय संपवा.

वावरवाला:

लग्नात धरले होते. पाय मागं घेतला.

फेरफार:

जमिनीपुरतं सांगतो. त्यानं घेतलेल्या चार एकरांवर तो हयात असेतो तुमचा हक्क नाही. आजोबांच्या नऊ एकरांचं मात्र बघावं लागेल. आजोबा 1956 च्या (हिंदू वारसा कायदा आला त्या वर्षाच्या) आधी वारले की नंतर, जमीन वारसानं आली की मृत्युपत्रानं, यावर बरंच ठरतं. तहसीलमधून जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाच्या नावावर आली त्या नोंदी, काढा, त्याशिवाय वकीलही नीट सांगणार नाही. सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडं वाटणी होते. राजी नसतील तर दिवाणी दावा, त्यात किती वर्षं जातील सांगता येत नाही. आणि बहिणीला धरून चाला. वडिलोपार्जित निघालं तर वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनुसार तिचा वाटा तुमच्याइतकाच.

दहेगावकर:

तंटामुक्ती समितीत का नाही नेत?

वावरवाला:

अध्यक्ष बुढ्याच्या पंगतीतला. निकाल मला आत्ताच माहीत आहे.

सेलूची सून:

आमच्याकडं सासरे आणि मोठे दीर असेच होते. ओसरीत कालनिर्णय टांगलं, शेजारी पेन बांधला. लाइन रात्रीची आहे की दिवसाची, पाणी कुठं द्यायचं, किती बाया सांगितल्या, सगळं त्यावर लिहायचं. सासऱ्यांनी पहिले कैक दिवस पेनाला हात लावला नाही. मग एकदा दीरानं तारखेपुढं चुकीचं खत लिहिलं, ते त्यांना सहन झालं नाही, खोडून दुरुस्त केलं. तिथून सुरू झालं. गोड बोलणं नाहीच, पण कामं अडेनाशी झाली. तुमचे वडील वाचतात का?

मुलीला मात्र स्वतः सांगा, तेही आजच. "आबाजी काही म्हणाले तर 'भिंतीवर लिहा' एवढंच म्हण." आणि तुम्ही तिच्या हाती निरोप पाठवणं आधी बंद करा, बुढ्याची वाट पाहू नका. झोप लागत नाही म्हणता, तर 14416 वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

वावरवाला:

चौथी शिकलेला आहे, पेपर रोज वाचतो. कॅलेंडर जमेल. पण सही आणि पैशाचं भिंतीवर कसं लिहिणार?

सेलूची सून:

त्याला मोठं माणूस लागतं. बुढ्याची बहीण आहे?

वावरवाला:

आत्या आहे, पुसदला. त्याच्याहून मोठी. तिच्यापुढं त्याचा आवाज चढत नाही, हे खरं. रविवारी घेऊन येतो. आल्यावर आधी पोरीचं काढू की वावराचं?

फेरफार:

पोरीचं. वावराचं नाव काढलं की त्याला वाटेल सगळं त्यासाठीच चाललं आहे. बी-बियाण्याच्या वेळी सही लागेलच, तेव्हा आत्यालाच बोलू द्या.