चौथीच्या मुलांसोबत घुमट (वाद्य) करायचंय: मढवायला काय वापरावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीआधी घुमटावर, म्हणजे एका तोंडाला कातडं मढवलेल्या मातीच्या मडक्याच्या वाद्यावर, प्रकल्प घ्यायचा आहे. विज्ञान, परिसर अभ्यास, गणित, हस्तकला सगळं मिळून, गटागटाने. आरतीला घुमट, शामेळ (तालवाद्य), कासाळं (झांजा) ऐकतच ही मुलं वाढली आहेत. पण घुमट घुमतं कशामुळे, हे त्यांनी स्वतः शोधावं असं मला फार वाटतं.

सुरुवात बाटल्यांनी केली. काचेच्या बाटल्यांत कमीजास्त पाणी भरून चमच्याने वाजवलं, तर जास्त पाण्याची बाटली खालच्या स्वरात वाजते. तीच तोंडाने फुंकली की स्वर चढतो! वर्गात जोरदार वाद झाला. वाजवताना पाण्याने जड झालेली काच थरथरते, फुंकताना वरची हवा, इथपर्यंत मुलं आपणहून आली. आता घुमटाचं मढवलेलं तोंड, दुसरं उघडं तोंड आणि ते डाव्या हाताने झाकत-उघडत बदलणारा आवाज त्यांना नीट कळेल.

अडलंय ते मढवण्यापाशी. फुग्याचं रबर ताणून बसवलं, आवाज येतो पण भरीव नाही. बकरीचं कातडं भिजवून ताणणं या वयाला झेपेल का? चिकटपट्टीचे थर देऊन कुणी केलंय का?

दुसरं जास्त नाजूक आहे. पूर्वी घुमट घोरपडीच्या कातड्याने मढवत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकरीचं वापरतात. हे मुलांना सांगायलाच हवं. पण कितीतरी घरांत आजोबांचं जुनं घुमट असतं. आजोबांनी काही वाईट केलं असं मुलाच्या मनात न येता हा विषय कसा काढावा? तुम्ही वर्गात बोलला असाल तर शब्द कसे वापरलेत तेही लिहा.

गणिताच्या बाई यायला तयार आहेत. आठ मात्रांचं आवर्तन घेऊन एका गटाने प्रत्येक मात्रेला, दुसऱ्याने अर्ध्या मात्रेला टाळी द्यायची, असं अपूर्णांकांसाठी सुचलंय. घुमटांची चित्रं मोजण्यापेक्षा हे खरं गणित वाटतं. आणखी काही सुचतंय?

मढवण्याचं आधी सांगा. मागे भोक असलेली छोटी मडकी कुंभाराला घडवण्याआधीच सांगावी लागतील, आणि तोंड केवढं ठेवायचं ते त्यावरच ठरेल.