प्रतिसाद: हत्तीचा प्रसंग फिल्मी?

‘अस्तु’ या मराठी चित्रपटात मोहन आगाशेंनी साकारलेले, अल्झायमर (स्मृती जाण्याचा आजार) झालेले विद्वान शास्त्री हत्तीमागे निघून जातात, तो प्रसंग वरच्या प्रतिसादात एकांना ‘जरा फिल्मी’ वाटलाय. मला नाही वाटला. घराबाहेर पडून भरकटणं हे अल्झायमरचं नेहमीचं लक्षण आहे आणि बाहेर पडायला निमित्त काहीही पुरतं. माझ्या सासऱ्यांना बँडचा आवाज पुरला होता. वरातीबरोबर पार पुढच्या चौकापर्यंत गेले, तेही घरातल्या लेंग्यावर. शास्त्रींना सांभाळणाऱ्या माहुताच्या बायकोचा, चन्नम्माचा शांतपणा थोडा गोड करून दाखवलाय, हे मान्य. पण तिला एक सोय आहे जी शास्त्रींच्या मुलीला नाही: हा माणूस पूर्वी केवढा विद्वान होता हे तिला ठाऊकच नाही, मग तुलना कशाशी करणार? (चन्नम्मा साकारणाऱ्या अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार काही उगाच नाही मिळाला.)

इथे अजून कुणी संध्याकाळबद्दल लिहिलेलं नाही. दिवसभर बरं असलेलं माणूस दिवेलागणीला बिथरतं. डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात. सासरे पिशवी घेऊन दाराशी उभे, ‘घरी जायचंय’. ‘अहो, हेच घर’ म्हटलं की आवाज चढायचा. सासूबाईंनी मग वाद घालणंच सोडलं. “चहा टाकलाय, तेवढा घेऊन निघू,” म्हणायच्या. चहात बुडवलेली खारी संपेपर्यंत निघायचं बहुतेकदा विसरलेलं असायचं. रोज निभायचं असं नाही. म्हणून सदऱ्याच्या आतून फोन नंबरची पट्टी शिवून टाकली होती. खिशातली चिठ्ठी ते फाडून टाकायचे.