गाजराचा पाला गुडघाभर, खाली मात्र बोटाएवढं गाजर. काय चुकलं?

परसातली_फोंडा:
नमस्कार मंडळी, आमचं घर फोंड्याजवळ, मागच्या बाजूला दहा बाय सहा फुटाचा तुकडा आहे, तिथे मिरच्या, तांबडी भाजी, मुळा सगळं छान येतं म्हणून यंदा दिवाळीनंतर गाजर पेरलं. माती खणली, दोन घमेली शेण घातलं (गोठ्यातलंच, नुकतं काढलेलं), मध्ये पानं पिवळट वाटली म्हणून थोडा युरियापण टाकला. पाला एवढा हिरवागार झाला की शेजारीण बघायला आली. काल पंच्याऐंशी दिवस झाले म्हणून उपटलं तर एकेक बोटाएवढं, काहींना दोन पाय फुटलेले, काही नुसती केसाळ मुळं. मुलीने रोज पाणी घातलेलं, तिचा चेहरा बघवेना. गोव्यात गाजर होतच नाही का? बाजारात तर सगळं बेळगावहून येतं.

कुळागरवाला:
ताई, होतं, पण आपल्या जमिनीत सरळ पेरून नाही. फावडं वीतभर गेलं की जांभा लागतो, वर बारीक खडे. गाजराचं मूळ खाली जाताना खड्याला आपटलं की तिथेच फाटे फुटतात. ताजं शेणही तेच करतं, कुजलेलं खत असेल तरच घाला आणि तेही आधीच्या पिकाला. आणि युरिया कशाला घातलात, नत्र जास्त झालं की सगळा जोर पाल्यात जातो. मुळ्याला दगडाचं एवढं काही वाटत नाही, तो थोडा वर उचलून वाढतो, म्हणून मुळा आला म्हणजे गाजर येईल असं नाही. मी चिरे लावून फूटभर उंच वाफा केला, माती चाळणीतून गाळून घेतली, त्यात नदीची रेती आणि जुनं कुजलेलं शेणखत मिसळलं. समुद्राची वाळू चुकूनही नको, खारं गाजराला अजिबात सोसत नाही. आपली माती आंबट असते, पेरायच्या पंधरा दिवस आधी चुलीची राख मूठमूठ पसरा.

पेडण्याची_काकू:
वरच्यांनी मातीचं सांगितलं ते बरोबर, पण विरळणी केलीस का गं बाई? तू लिहिलंच नाहीस. बी बारीक, हातातून भसाभस पडतं आणि मग एका ठिकाणी वीस रोपं. सगळ्यांना जागा कुठून मिळणार. चार बोटं उंच झाली की चांगली रोपं ठेवून बाकीची कात्रीने कापायची, उपटलीस तर शेजारच्याचं मूळ हलतं. दोघांत तीन बोटांचं अंतर तरी हवं. बियाण्यात कोरडी वाळू मिसळून रेघेत पेर, वर ओलं किंतान (गोणपाट) घाल, आणि उगवताना दिसलं की लगेच काढ. दहा ते पंधरा दिवस लागतात, तेवढे दिवस वरची माती एकदाही सुकता कामा नये. काढून दुसरीकडे लावायचं नसतं, मूळ वाकडं होतं.

बी_बियाणं:
जातीचंही बघा. पाकिटावर नांतेस असेल तर ते थंडीचं, आपल्याकडे जानेवारीतही दुपारी तीस-बत्तीस अंश असतं, गाजराला पंधरा ते वीस लागतं. पुसा केसर, पुसा रुधिरा या लाल देशी जाती किंवा कुरोडा त्यातल्या त्यात उष्णता सोसतात. रंग, गोडी बेळगावच्यासारखी येईल असं सांगत नाही, थंडी लागते ती लागतेच. पण ताज्या गाजराचा वास वेगळाच. आमच्याकडे मागच्या वर्षी वीतभर निघाली, घरात सगळ्यांना कोशिंबीर पुरली.

परसातली_फोंडा:
सगळ्यांचे खूप आभार. विरळणी केलीच नाही, काकू. पाकीट बघितलं, नांतेसच आहे. अजून एक, काही मुळांवर बारीक गाठी आहेत, मण्यांसारख्या. हा रोग काय?

कुळागरवाला:
ते सूत्रकृमी, मातीतले डोळ्याला न दिसणारे बारीक किडे. आधी तिथे वांगी, भेंडी किंवा टोमॅटो होते का? त्यांच्या मुळांत राहतात ते. तिथे आता काही लावू नका, एप्रिल-मेच्या कडक उन्हात जमीन भिजवून पारदर्शक प्लास्टिक घट्ट पसरून पाच-सहा आठवडे ठेवा, खालची माती तापते आणि पुष्कळ मरतात. पावसानंतर झेंडूही लावून बघा. नव्या वाफ्यात त्या वाफ्याची माती नका नेऊ.

परसातली_फोंडा:
भेंडी होती, हो. मग आता लगेच दुसरं बी पेरू का चिऱ्याच्या वाफ्यात? मुलगी विचारतेय.

पेडण्याची_काकू:
नको गं, फेब्रुवारीत पेरलेलं ऐन उन्हात भरेल आणि कडवट, लाकडासारखं होईल. नोव्हेंबरमध्ये पाऊस गेला की पेर. बी उरलं असेल तर कोरड्या बाटलीत घालून फ्रीजमध्ये ठेव, पावसाळ्याची दमट हवा बियाण्याचा जोम काढते. तोवर मुलीला चिऱ्याच्या नव्या वाफ्यात तांबडी भाजी पेरू दे, तीन-चार आठवड्यात ताटात येते.