दंगलींवरचं संशोधन: शहराच्या उपयोगाचं की विद्यापीठाच्या?

पूर्वाई

परवा घरच्या कार्यक्रमात विषय निघाला. एक नातेवाईक म्हणाले, "विद्यापीठातली माणसं पैसे खर्चून लोकांना विचारत फिरतात, तुम्ही दुसऱ्या धर्माच्या माणसाबरोबर जेवता का. याने कधी दंगल थांबली आहे का?" मला तिथे नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन या दोन अभ्यासकांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची मोजदाद केली. देशातली दोन तृतीयांश माणसं खेड्यात राहतात, पण दंगलीतल्या मृत्यूंत खेड्यांचा वाटा निघाला ३.६ टक्के. मुंबई, अहमदाबाद, हैदराबाद, अलीगढ, मेरठ, बडोदा, कोलकाता, दिल्ली या आठ शहरांत मिळून सुमारे ४६ टक्के मृत्यू. या आठांची लोकसंख्या मात्र शहरी भारताच्या १८ टक्केच.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी हादरले. "ते आणि आपण, पिढ्यानपिढ्या असंच चालत आलंय" हे वाक्य आपण किती सहज बोलतो. वैर जर पिढ्यानपिढ्यांचं, तर ते सगळीकडे सारखं का पेटत नाही? उत्तर प्रदेशातलं अलीगढ आणि केरळातलं कोळिकोड, दोन्हीकडे मुस्लिमांचं प्रमाण जवळपास सारखं. त्या काळात अलीगढ वारंवार पेटायचं, कोळिकोड शांत. कोळिकोडमध्ये एकमेकांबरोबर नेहमी जेवणारे हिंदू-मुस्लिम ८३ टक्के, अलीगढमध्ये ५४.

पण वार्ष्णेयांचा खरा मुद्दा याच्या पुढचा आहे आणि तो आपल्याला टोचणारा आहे. ते म्हणतात, खेड्यात रोजचा घरोबा पुरतो, शहरात पुरत नाही. ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ यांची देवाणघेवाण अफवेच्या रात्री टिकत नाही. टिकतात त्या दोन्ही धर्मांची माणसं एकत्र असलेल्या संस्था: व्यापारी संघ, कामगार युनियन, वकील-डॉक्टरांच्या संघटना, पक्षांच्या शाखा. कारण तिथे मैत्रीसोबत रोजीरोटीही अडकलेली असते. शीरखुर्म्याच्या आठवणी मीही लिहिल्या आहेत, आणि हे वाचल्यावर मला त्या अपुऱ्या वाटल्या. अपुरेपण दाखवून देणारा अभ्यास मला उपयोगाचा वाटतो.

कडक_चहा

आकड्यांना एवढं डोक्यावर घेऊ नका, ताई. ही मोजदाद मुंबईच्या एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या बातम्यांवरून केलेली आहे. खेड्यात दोन घरं जाळली तर त्या काळात मुंबईच्या पेपरात ती बातमी यायची का? आणि मोजणी थांबते १९९५ ला. त्यानंतर २००२ मध्ये गुजरातची खेडी पेटली. २०१३ मध्ये मुझफ्फरनगरच्या गावागावांतून हजारो कुटुंबं घरदार सोडून छावण्यांत गेली. तिथेही रोजचा घरोबा होताच ना? एकाच्या शेतात दुसरा पिढ्यानपिढ्या राबत होता.

डिसेंबर ९२ मध्ये मी १४ वर्षांचा होतो, आमची चाळ भायखळ्याला. माझ्या डोळ्यांदेखत जे झालं ते कुठल्याच तक्त्यात बसत नाही. आमच्या घराला कुलूप लावून किल्ली ज्यांच्याकडे दिली, त्यांनी महिनाभर ते घर सांभाळलं. त्यांची आमची कुठलीही संस्था नव्हती. शेजार होता. तो अपुरा होता असं मी म्हणणार नाही.

निवृत्त_खाकी

दोघांचंही मूळ मुद्द्याकडे दुर्लक्ष होतंय. नोकरीतल्या ३१ वर्षांत मी बंदोबस्त केला आहे, त्या अनुभवावरून लिहितो. शासनाने ठरवलं तर दंगल काही तासांत आटोक्यात येते. ती दिवसेंदिवस चालली, तर कुणीतरी चालू दिली असं समजा.

आणि हे अभ्यासकही सांगतात. ज्या विल्किन्सनने वार्ष्णेयांबरोबर माहिती गोळा केली, त्यानेच पुढे वेगळा निष्कर्ष काढला: राज्य सरकारला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असेल तिथे पोलिसांना दंगल थांबवण्याचे आदेश मिळतात, नसेल तिथे ढिलाई होते. पॉल ब्रास यांनी अलीगढचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांचं म्हणणं, दंगल आपोआप होत नाही, ती घडवली जाते. भडका विझू न देणारी माणसं शहरात कायम तयार असतात.

मुंबईच्या बाबतीत तर विद्यापीठात जायचीही गरज नाही. ९२-९३ च्या दंगलींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९३ मध्ये नेमला, १९९६ मध्ये गुंडाळला, पुन्हा सुरू केला, अहवाल १९९८ मध्ये आला. ९०० मृत्यू: ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, बाकीचे इतर किंवा ओळख न पटलेले. जबाबदारी कुणाची, तेही लिहिलेलं. सरकारने निष्कर्ष नाकारले. ज्ञानाची कमतरता नव्हती. पूर्वाई, तुमच्या नातेवाइकांचा प्रश्न मला रास्त वाटतो.

पूर्वाई

कडक_चहा, १९९५ नंतरचा मुद्दा मान्य. "खेडी सुरक्षित" हे आज तसंच्या तसं म्हणता येणार नाही, मी ते लिहायला हवं होतं. तुमच्या किल्लीबद्दल वाचून गलबलून आलं. पण त्यांनी तुमचं घर वाचवलं, गल्ली वाचली का? माझा प्रश्न गल्लीचा आहे.

खाकीसाहेब, सरकारवर सगळं टाकलं तर भिवंडीचं काय करायचं? ९२-९३ मध्ये मुंबई आणि भिवंडी, दोन्हीकडे राज्य तेच, मुख्यमंत्री तेच, पोलीस खातं तेच. भिवंडीत १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल, १९८४ मध्ये पुन्हा. ९२-९३ मध्ये मात्र मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या होत्या. तेव्हा पोलिसांनीच केलं, पण लोकांना एकत्र बसवून केलं. वार्ष्णेयांनीही त्याची दखल घेतली.

धागादोरा

भिवंडीचं नाव निघालं म्हणून लिहितोय. एरवी फक्त वाचतो.

माझे वडील कमिटीत होते. आमचे आठ लूम, म्हणजे यंत्रमाग. सुताचे बीम ज्या सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यातून यायचे ते मुस्लिम शेठचं, लूम चालवणारे निम्मे यूपीचे, निम्मे तेलुगू पद्मशाली विणकर. पूर्वाईंनी रोजीरोटी अडकण्याचं लिहिलंय, ते आमच्याकडे अक्षरशः तसं होतं. पण ८४ मध्येही ती अडकलेलीच होती, आणि तरी कारखाने जळाले. म्हणजे नुसत्या धंद्यानेही भागत नाही.

कमिटीने काय बदललं ते वडील सांगायचे. आधी पोलीस ठाण्यातली शांतता समिती म्हणजे पुढाऱ्यांच्या खुर्च्या. मोहल्ला कमिटीत पानवाला, लूमवाला, मशिदीजवळचा दर्जी. बैठकीत दंगलीवर बोलणं कमी. नळाचं पाणी, नवरा-बायकोचं भांडण, दारूचा गुत्ता, हेच जास्त. त्यामुळे हवालदाराला गल्लीतली माणसं नावाने ठाऊक झाली आणि गल्लीला हवालदार. ६ डिसेंबरनंतरच्या रात्री वडील आणि शेजारच्या मोहल्ल्यातले चाचा चौकात बाकडं टाकून बसले. अफवा आली की दोघं उठून बघून यायचे आणि परत येऊन दोन्हीकडे सांगायचे. एवढंच. पण ते सांगताहेत म्हटल्यावर लोक ऐकायचे, कारण चार वर्षं ऐकत आले होते.

आता दुसरी बाजू. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. गोळीबारात दोन जण गेले, आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांचे जीव घेतले. भिवंडीतच. खाकीसाहेब, ते तुमचे लोक होते, मला माहीत आहे. तोवर आमच्या भागातली कमिटी सणाआधीच्या एका बैठकीवर आली होती. जो अधिकारी बदलून येईल त्याच्या मनावर सगळं. हे मोडत होतं तेव्हा कुठलाही अभ्यासक बघायला आला नाही. यशस्वी उदाहरण लिहून झालं होतं. आमच्याकडेही एक बाई प्रश्नावली घेऊन आल्या होत्या, वडिलांनी दोन तास दिले. त्या काय लिहिलं ते दाखवायला परत आल्या नाहीत. वडील बरेच दिवस विचारायचे.

निवृत्त_खाकी

त्या दोघांबद्दल लिहिलंत, आभारी आहे. कमिटीच्या बाबतीत माझं मत थोडं हललं. बदलीच्या ऑर्डरबरोबर ती मोडत असेल, तर दोष कमिटीचा नाही.

अनघड

सगळी चर्चा दंगलीवर. दंगल निदान मोजता येते. कट्टरपणा कसा मोजणार? डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली, कट रचणारा मात्र अजून समोर नाही. गोळी झाडायला तयार होईपर्यंत त्या मुलांना कुणी काय शिकवलं, कोणत्या बैठकीत बसवलं, हा अभ्यासाचा विषय आहे. तिथे घरच्यांकडे प्रश्नावली नेली तर दार तरी उघडेल का?

पूर्वाई

नाही उघडणार. आणि मुलाखत घेणाऱ्याच्या वह्या उद्या पोलिसांनी मागितल्या तर, ही भीती दोन्ही बाजूंना असणार. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

धागादोरा, तुमच्या वडिलांना उत्तर मिळायला हवं होतं. ज्यांच्यावर लिहिलं त्यांना ते त्यांच्या भाषेत वाचता यावं, ही अट निधी देणाऱ्यानेच घालावी असं आता वाटतं. निदान मराठीत सारांश तरी.

धागादोरा

नुसतं मराठी नको. बाकड्यावर वडिलांशेजारी बसणारे चाचा अजून आहेत, ऐंशीच्या पुढचे. बोलतात आमच्यासारखीच मराठी, वाचतात उर्दू. आणि लूमवरचे पद्मशाली तेलुगू. तिन्ही भाषांत काढलं तर पहिली प्रत चाचांना मी स्वतः नेऊन देईन.