सेतो समुद्र जास्तच स्वच्छ झालाय का?

खारवट: काल इथे कुणी लिहिलं, "जपानने सेतो समुद्र धुऊन काढला, मच्छीमार सुखी." राहवलं नाही. सेतो म्हणजे जपानच्या बेटांमधला समुद्र. त्याला लागून असलेल्या ह्योगो प्रांताच्या किनाऱ्यावर नोरी, म्हणजे सुशीला गुंडाळतात ते समुद्री शेवाळ, काळीभोर यायला हवी, ती पिवळट पडते. तिला पाण्यात विरघळलेलं नायट्रोजन लागतं, आणि सांडपाणी केंद्रं तेच काढून घेतात. रंग उडाला की लिलावात भाव पडतो. म्हणून 2019 मध्ये ह्योगोने समुद्राच्या पाण्यासाठी लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम नायट्रोजन ही खालची मर्यादा ठरवली.

ओहोटी: 1972 विसरलात? सेतोच्या हारिमा-नाद भागात लाल भरती आली, म्हणजे सूक्ष्म शैवाल माजून पाणी लाल झालं, आणि पिंजऱ्यांत पाळलेले सुमारे 1 कोटी 40 लाख हामाची मासे मेले. सेतो समुद्र वाचवण्याचा 1973 चा कायदा त्यातूनच आला.

खारवट: विसरलो नाही. म्हणून तर केंद्रांतलं नायट्रोजन काढणं फक्त थंडीत ढिलं सोडतात आणि उन्हाळ्यात पुन्हा कडक करतात. नोरी डिसेंबर ते एप्रिल, लाल भरती उन्हाळ्यात.

ओहोटी: थंडीत युकॅम्पिया नावाचा डायटम (सूक्ष्म शैवाल) माजला तर तुमचं खत तोच आधी खातो. नोरी उपाशीच.

बांधावरचा: तुम्ही दोघं केंद्रांवरच अडलात! ह्योगोच्या अवाजी बेटावरच्या शेततळ्यांचं काय? भातकापणी झाली की मोरी उघडून तळं रिकामं करायचं, तळाचा गाळ ढवळायचा आणि पाटाने समुद्रात सोडायचा. शेतकरी म्हातारे झाले, हे काम बंद पडलं, तळी गाळाने भरली. आता मच्छीमार स्वतः फावडी घेऊन येतात. शेतकऱ्याच्या तळ्यात पाणी जास्त मावतं, त्यांच्या समुद्रात खत जातं.

ओहोटी: गाळातलं नायट्रोजन बहुतेक कणांत अडकलेलं असतं. थंड पाण्यात ते सुटायला वेळ लागतो. नोरीला त्याच आठवड्यात काय मिळणार?

बांधावरचा: सगळंच कणांत नसतं! गाळाच्या फटींतल्या पाण्यात अमोनिया असतो, ढवळलं की तो लगेच बाहेर येतो. पण मोरी एकदम उघडली तर पाट तुंबतो, बाहेर पडतो तो नुसता चिखल. आधी पाणी हळू उतरवायचं, ढवळायचं शेवटच्या वीतभर पाण्यात. समुद्रात नोरीच्या जाळ्या लावलेल्या असतानाच करायचं, आधी केलं तर वाया.

खारवट: हे कुणी लिहीत नाही, कारण यात यंत्र नाही, नुसते कष्ट आहेत.

ओहोटी: बरं, तळ्यांचं मान्य. शेतकऱ्याला तरी त्यात नक्की फायदा आहे. पण केंद्रं ढिली करून इकानागो हा छोटा मासा परत येईल असं कुणाला सांगू नका. 2017 पासून तो घटलाय, आणि पाणीही तापतंय. उन्हाळाभर वाळूत निजणाऱ्या माशाला गरम पाणी सोसत नाही.

खारवट: उपाशी निजला तर गार पाण्यातही अंडी कमीच घालेल. चरबी त्याला प्लवकांतून मिळते, आणि प्लवक नायट्रोजनवरच वाढतात.